चेंडू वर गेलाच नव्हता
वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की वर्गात ‘अवधान’ हा धडा सुरू करताना मी आधी एक नाणं गायब करते आणि मगच फळ्याकडे वळते. मानसशास्त्र शिकवणारी बाई जादूचे प्रयोग का करते, असं विचारणारी पत्रं त्यानंतर आली. त्याहून जास्त पत्रं मात्र जादू पाहताना पडलेल्या खऱ्याखुऱ्या प्रश्नांची होती. या वेळचं सदर त्यांनाच दिलं आहे.

ताई, जादूगाराचा हात डोळ्यांपेक्षा चपळ असतो असं म्हणतात. मी एका प्रयोगाचा व्हिडिओ पाव वेगाने लावून पाहिला, तरी पत्ता कुठे गेला ते कळलं नाही. मग चपळाईचा संबंध उरतो कुठे?
— महाविद्यालयीन विद्यार्थी

तुझी शंका अगदी योग्य आहे, आणि ती शंभराहून अधिक वर्षं जुनी आहे. अलेक्झांडर हरमन आणि हॅरी केलर हे त्यांच्या काळातले गाजलेले जादूगार. जोसेफ जास्ट्रो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने दोघांनाही प्रयोगशाळेत बोलावून त्यांच्या स्पर्शाची, हालचालींची आणि प्रतिक्रियेच्या वेगाची मोजमापं घेतली आणि 1896 मध्ये ती प्रसिद्ध केली. सामान्य माणसाला मागे टाकेल असं अचाट काही त्यांत सापडलं नाही. त्याच्या दोनच वर्षं आधी फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी जादूगारांच्या हालचालींची एकामागून एक छायाचित्रं काढून घेतली होती. हे बिने म्हणजे पुढे बुद्धिमापन चाचणीमुळे नावाजलेले बिने. सुटी छायाचित्रं पाहिली की भ्रम नाहीसा व्हायचा, आणि हात कुठे काय करतो आहे ते सरळ दिसायचं. हालचाल सलग पाहिली की मात्र भ्रम परत हजर! तुझ्या पाव वेगाच्या व्हिडिओत हालचाल मंद झाली, पण ती सलगच राहिली.

आता चेंडूचा प्रयोग सांगते, कारण सगळी गंमत त्यात आहे. जादूगार एक छोटा चेंडू वर फेकतो आणि झेलतो. पुन्हा फेकतो, पुन्हा झेलतो. तिसऱ्यांदा हात तसाच वर जातो, जादूगाराची नजरही वर जाते, पण चेंडू मुठीतच असतो. पाहणारे शपथेवर सांगतात, की चेंडू वर गेला आणि हवेत विरला. नॉर्मन ट्रिप्लेट यांनी 1900 साली शाळकरी मुलांवर हा प्रयोग केला, तेव्हा जवळपास निम्म्या मुलांना न फेकलेला चेंडू वर जाताना ‘दिसला’. पुढे 2006 मध्ये गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी हाच प्रयोग प्रेक्षकांच्या नजरेची नोंद घेणारं यंत्र लावून केला. सुमारे दोनतृतीयांश लोकांना चेंडू वर जाताना दिसला. मग जादूगाराने तिसऱ्या वेळी वर न बघता मुठीकडे बघितलं, बाकी सगळं तेच ठेवलं. आता हे प्रमाण एकतृतीयांशावर उतरलं.

या प्रयोगातली खरी मौल्यवान गोष्ट पुढे आहे. ज्यांना चेंडू वर दिसला, त्यांचे डोळे त्या वरच्या जागेकडे गेलेच नव्हते! यंत्रातली नोंद सांगत होती, की ते जादूगाराच्या चेहऱ्याकडे बघत होते. म्हणजे डोळे फसलेच नाहीत. चेंडू पाहिला तो मनाने. आधीच्या दोन फेकींवरून मनाने तिसरी गृहीत धरली, जादूगाराच्या नजरेने त्या अंदाजावर शिक्का मारला, आणि तो अंदाजच ‘मी पाहिलं’ म्हणून आपल्यापुढे आला.

आपलं सगळं पाहणं याच रीतीने चालतं. डोळ्यांकडून आलेली खबर मेंदूत पोचून तिचा अर्थ लागेपर्यंत क्षणाचा काही अंश निघून जातो. तेवढ्यात हलती वस्तू पुढे सरकलेली असते. मनाने अंदाज बांधला नसता, तर अंगावर येणारा चेंडू आपल्याला कधी झेलताच आला नसता. म्हणून जादूने फसणाऱ्याला मी कधीच भोळा म्हणत नाही. त्याचं मन नेमून दिलेलं काम चोख करत असतं.

मी निवृत्त लेखापाल आहे. आकड्यांतली चूक माझ्या नजरेतून सुटत नाही. परवा एका तरुणाने समोर बसून नाणं गायब केलं. मी पापणी न लवता त्याच्या हाताकडे बघत होतो, तरी फसलो. वयामुळे असेल का?
— एक ज्येष्ठ वाचक

नाही हो, वयाचा यात दोष नाही. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. आपल्याला एका वेळी अगदी स्पष्ट दिसतं ते साधारण तेवढ्याच जागेतलं. बाकीचं पुसट असतं, आणि डोळे सेकंदाला तीनचार उड्या मारत ते गोळा करत राहतात. पण तुमची नजर नेमकी त्या जागेवर खिळलेली असती, तरीसुद्धा तुम्ही फसला असता.

हे मी इतक्या ठामपणे म्हणते याला कारण आहे. कून आणि बेंजामिन टॅटलर यांनी 2005 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. जादूगार सिगारेट पेटवायला जातो, लायटर नाहीसा होतो, आणि सगळे लायटरचा शोध घेत असताना तो सिगारेट सरळ मांडीवर टाकतो. आडोसा नाही, चपळाई नाही, सगळं प्रेक्षकासमोर उघड. बहुतेकांना ती पडताना दिसली नाही. ज्यांना दिसली आणि ज्यांना नाही, त्यांची नजर त्या क्षणी कुठे होती याची तुलना केली, तर त्यात काही फरक निघाला नाही. पापणी लवल्याने निसटली असंही झालं नव्हतं. फरक होता तो लक्ष कुठे होतं याचा. नजर आणि लक्ष बहुतेक वेळ जोडीने फिरतात, म्हणून आपल्याला ती एकच वाटतात. त्यांची फारकत कशी करायची हे जादूगाराला ठाऊक असतं.

तुम्ही लेखापाल आहात, म्हणून आणखी एक उदाहरण मुद्दाम देते. 2013 मध्ये ट्रॅफ्टन ड्रू आणि सहकाऱ्यांनी 24 अनुभवी क्ष-किरणतज्ज्ञांना फुप्फुसांच्या सीटी स्कॅनच्या प्रतिमा देऊन त्यांतल्या गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या प्रतिमांमध्ये गोरिलाचं एक चित्र बेमालूम मिसळून ठेवलं होतं. त्याचा आकार सरासरी गाठीच्या 48 पट होता. 20 तज्ज्ञांना तो दिसला नाही, आणि त्यांतल्या बहुतेकांची नजर तर थेट त्याच्यावरून गेली होती. ही माणसं निष्काळजी नव्हती. ती गाठ शोधत होती आणि गाठी त्यांना सापडतही होत्या. (गोरिलाच का? 1999 मध्ये डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री यांनी चेंडूच्या फेकी मोजणाऱ्या प्रेक्षकांसमोरून गोरिलाच्या वेशातला माणूस चालवला होता, आणि जवळपास निम्म्यांना तो दिसला नव्हता. हा त्याचाच वारसा.)

तुम्ही नाण्याच्या हाताकडे डोळे लावून बसलात. ‘नाणं या हातात आहे’ हे मात्र तुम्ही आधीच मान्य करून टाकलं होतं. ते तुमच्याकडून मान्य करून घेणं हेच त्या तरुणाचं खरं काम होतं, आणि ते तुम्ही डोळे रोखण्याच्या कितीतरी आधी उरकलं होतं.

मोबाइलवर एक खेळ फिरतो आहे. सहा पत्ते दाखवतात, मनात एक धरायला सांगतात, मग पडद्यावर पाच पत्ते येतात आणि आपला नेमका पत्ता त्यांत नसतो. फोन मन वाचतो का?
— गृहिणी

मुळीच नाही. दुसऱ्या वेळी दाखवलेले पाचही पत्ते वेगळे असतात. तुम्ही इस्पिकची राणी मनात धरलीत, तर फक्त तिलाच शोधता. ती नसते. पण बदामचा राजा जाऊन तिथे चौकटचा राजा बसला आहे हे कोण बघतं? पहिल्यांदा सगळी चित्राचीच पानं दाखवतात ती याचसाठी, राजा-राणी-गुलामांच्या गर्दीत बदल उठून दिसत नाही. या खेळाचं मूळ हेन्री हार्डिन यांच्या 1905 सालच्या पत्त्यांच्या प्रयोगात आहे. पुढच्या वेळी मनात पत्ता धरू नका, सहाही पत्ते कागदावर लिहून घ्या.

मी सहा महिने नाणं लपवायला शिकतोय. आरशात सगळं बरोबर दिसतं, पण मित्र लगेच पकडतात. सर म्हणतात, हाताकडे बघू नकोस, समोरच्याच्या डोळ्यांत बघ. त्याने काय होणार?
— हौशी जादूगार

तुझे सर अगदी नेमकं सांगताहेत. माणसाचं मूल वर्षाचं व्हायच्या सुमारास समोरच्याची नजर जिकडे वळेल तिकडे बघायला लागतं. त्याच वाटेने ते बोलायला शिकतं, वस्तूंची नावं शिकतं. ही सवय इतकी खोलवर मुरलेली असते, की ती मोडायची म्हटलं तर माणसाला प्रयत्न करावा लागतो. तू ज्या हातात नाणं लपवलं आहेस त्याच्याकडे चोरून बघतोस, आणि मित्रांचे डोळे तिकडेच जातात. रिकाम्या मुठीकडे तू मनापासून बघितलंस, तर तेही तिकडेच बघतील. तुझ्या डोळ्यांत बघत राहिले, तर त्याहून उत्तम.

आरसा तुला एवढंच सांगतो, की बोटांच्या फटीतून नाणं दिसत नाही. तुझ्या खांद्यात आलेला ताण तो सांगत नाही. माझ्या वर्गात एक मुलगी होती, ती हाताकडे न बघताच मला पकडायची. शेवटी तिला विचारलं, तेव्हा म्हणाली, “नाणं लपवताना तुम्ही बोलायचं थांबता.” नाणं घेतल्यासारखं करण्याआधी ते खरोखर घेऊन बघ. पुन्हा पुन्हा घे. खऱ्या घेण्यात हाताला वजन कसं लागतं, मनगट कसं वळतं, बोटं कधी मिटतात, तुझा श्वास कुठे असतो ते नीट ध्यानात ठेव. मग खोटं घेताना त्यातलं काहीही बदलू देऊ नकोस.

वेळेकडेही लक्ष दे. लोक हसले, टाळी वाजली, ‘चला, हे झालं’ असं वाटलं, की मन क्षणभर सैल पडतं. रिचर्ड वाइजमन आणि तामामी नाकानो यांनी 2016 मध्ये टेलर या जादूगाराचा प्रयोग बघणाऱ्यांच्या पापण्यांची नोंद केली. प्रेक्षकांच्या पापण्या बऱ्याचदा एकाच सुमारास मिटत होत्या, महत्त्वाचं काही चाललेलं नाही असं वाटेल तेव्हा. जादूगाराचं गुपित उरकतं ते अशाच क्षणांत. तुझी लपवण्याची घाई बहुधा सगळे टक लावून बघत असतात तेव्हाच होते. थोडा थांब. गोष्ट सांग. त्यांना हसू दे.

आणखी एक बारीक गोष्ट. खिसेकापूगिरीचे प्रयोग रंगमंचावर करणारे अपोलो रॉबिन्स यांचं निरीक्षण होतं, की हात सरळ रेषेत नेला तर प्रेक्षकाचे डोळे झटकन परत मूळ जागी येतात, आणि वळणदार मार्गाने नेला तर डोळे हातामागे चालत राहतात. संशोधकांनी 2011 मध्ये नजरेच्या नोंदी घेऊन हे तपासलं, आणि ते खरं ठरलं. मला या क्षेत्रातलं सर्वांत आवडतं ते हेच. रंगमंचावरचा माणूस वर्षानुवर्षांच्या सरावातून काहीतरी टिपतो आणि प्रयोगशाळा मागून जाऊन ते मोजते.

जादूगाराने पत्ते पसरले, मी हवा तो पत्ता स्वतः निवडला. त्याने जबरदस्ती केली नाही, सुचवलंही नाही. तरी माझा पत्ता त्याने आधीच लिहून ठेवलेला होता. निवड माझी नव्हती का?
— अभियंता, वय 34

निवड तुम्हीच केलीत, पण ती कशातून करायची हे त्याने ठरवलं होतं. जे ओल्सन हे जादूगारही आहेत आणि संशोधकही. त्यांनी 2015 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांच्या डोळ्यांसमोर पत्त्यांची गड्डी बोटाने फर्रकन सोडली आणि त्यातला एक पत्ता मनात धरायला सांगितलं. एकच पत्ता बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त वेळ दिसेल अशी ती सोडली होती. 105 पैकी 103 जणांनी तोच पत्ता धरला, आणि बहुतेकांना आपण अगदी मोकळेपणाने निवडलं असंच वाटलं.

याहून मला जास्त विचारात पाडतो तो स्वीडनमधला प्रयोग. पेटर योहानसन आणि लार्स हॉल यांनी 2005 मध्ये लोकांना दोन चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवून जास्त आवडलेलं निवडायला लावलं. मग ते हातात देताना काही वेळा पत्त्यांच्या हातचलाखीने न निवडलेलं छायाचित्र पुढे सरकवलं आणि विचारलं, “हे का निवडलंत?” बहुसंख्य वेळा अदलाबदल कुणाच्या लक्षातच आली नाही. उलट लोकांनी कारणं सांगितली, आणि काहींनी तर अशी कारणं सांगितली जी फक्त हातातल्या चुकीच्या चेहऱ्याला लागू होती. कानातले आवडले, हसू आवडलं. मूळ निवडलेल्या चेहऱ्यावर ते कानातले नव्हतेच.

ही माणसं खोटं बोलत नव्हती, हे लक्षात घ्या. कारण विचारलं की मन कारण हजर करतं, आणि ते निवडीच्या आधीचं की नंतरचं हे आपल्याला आतून कळत नाही. उमेदवार निवडताना, घर निवडताना, माणूस निवडताना आपण देतो त्या कारणांकडे हा प्रयोग वाचल्यापासून मी वेगळ्या नजरेने बघते. माझ्या स्वतःच्या कारणांकडेसुद्धा.

आमच्या घरात भांडण पेटलं आहे. अतींद्रिय शक्ती असल्याचा दावा करणारा एक गृहस्थ आला होता. भाऊ शपथेवर सांगतो, की त्या माणसाने बंद पाकिटाला हातही लावला नाही आणि आतला मजकूर ओळखला. मला आठवतं, त्याने पाकीट उचलून दिव्याखाली ठेवलं होतं. भाऊ खोटं का बोलतो?
— नाव न देण्याची विनंती

तुमच्या पत्रातल्या शेवटच्या वाक्याने मला वाईट वाटलं, म्हणून सगळ्यांत आधी तेच. भाऊ खोटं बोलत नसावा. पाकीट उचलून बाजूला ठेवणं ही त्या वेळी बिनमहत्त्वाची हालचाल होती. खेळ सुरू व्हायच्या आधीची आवराआवर. मन अशा गोष्टी साठवत नाही. नंतर चमत्कार घडला, आणि मग त्या चमत्काराला शोभेल अशी आठवण मागाहून रचली गेली.

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पाटीवर आत्मे लिहितात असे प्रयोग गाजत होते. एस. जे. डेव्ही या तरुणाने हातचलाखी शिकून तसेच प्रयोग केले आणि आलेल्यांना जे पाहिलं ते लिहून द्यायला सांगितलं. रिचर्ड हॉजसन यांच्यासह त्याने ही टिपणं 1887 मध्ये प्रसिद्ध केली. ती लिहिणारी माणसं शिकलेली, प्रामाणिक होती. तरी पाटी नजरेआड झाली होती यासारख्या कळीच्या गोष्टी टिपणांतून गळल्या होत्या, घटनांचा क्रम बदलला होता, आणि काहींनी जे घडणं शक्यच नव्हतं ते खात्रीने लिहिलं होतं. सगळं एका तरुणाने हातांनी केलं होतं, हे मानायला पुढे काही जण तयार झाले नाहीत.

शब्दही आठवण बदलतात. वाइजमन आणि एमा ग्रीनिंग यांनी 2005 मध्ये एक चित्रफीत दाखवली. त्यात एक माणूस मनाच्या शक्तीने चावी वाकवल्यासारखं करून ती टेबलावर ठेवतो. काहींना दाखवलेल्या फितीत तो म्हणतो, “बघा, अजून वाकतेय.” चावी नुसती पडून होती. तरी ते वाक्य ऐकलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी ती वाकत राहिल्याचं सांगितलं. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा 1974 चा प्रयोग तर न्यायालयांपर्यंत चर्चिला गेला. मोटारींच्या अपघाताची फीत दाखवून काहींना विचारलं, गाड्या एकमेकींवर ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता, तर काहींना ‘धडकून चक्काचूर झाल्या’ असा जोरकस शब्द वापरून तेच विचारलं. आठवड्याने पुन्हा विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? जोरकस शब्द ऐकलेल्या 50 पैकी 16 जणांनी हो म्हटलं, साधा शब्द ऐकलेल्या 50 पैकी 7 जणांनी. फितीत फुटलेली काच नव्हतीच.

तेव्हा भावाला खोटारडा म्हणू नका. तुमचीही आठवण शंभर टक्के बरोबरच असेल असं धरून चालू नका. तो गृहस्थ पुन्हा आला, तर घरातल्या प्रत्येकाने तो गेल्याबरोबर, आपसांत एक शब्दही न बोलता, आल्यापासून जाईपर्यंतचं सगळं वेगवेगळं लिहून काढावं. पाकीट कुणी आणलं, कुणी धरलं, कुठे ठेवलं, मधे कोण उठलं. मग कागद शेजारी शेजारी ठेवून वाचा. माझ्या मते असल्या दाव्यांसाठी पैसा आणि विश्वास यांतलं काहीच द्यायचं नसतं. पण भावाला ते पटायचं असेल तर त्याच्या स्वतःच्या हातच्या टिपणानेच पटेल, तुमच्या रागाने नाही.

प्राण्यांना जादू दाखवली तर ते फसतात का?
— इयत्ता सहावी

किती छान प्रश्न! हो, फसतात, पण प्रत्येक जण वेगळ्या जादूला फसतो. एलियास गार्सिया-पेलेग्रीन आणि निकोला क्लेटन यांनी सहकाऱ्यांबरोबर हे करून पाहिलं. 2021 मध्ये त्यांनी जे नावाच्या हुशार पक्ष्यांना खाऊ हातात लपवायच्या तीन युक्त्या दाखवल्या. दोन युक्त्यांत एका हाताने दुसऱ्या हातातून खाऊ घेतल्यासारखं करायचं होतं. माणसं त्यांना फसली, पक्षी फसले नाहीत. पक्ष्याला हातच नाहीत, त्यामुळे ‘आता हा हात घेणार’ असं त्याच्या मनात येत नसावं. तिसऱ्या युक्तीत खाऊ फार वेगाने एका हातातून दुसऱ्या हातात गेला, तिला मात्र पक्षीही फसले.

मग 2023 मध्ये त्यांनी माकडांना जादू दाखवली. अंगठा बोटांच्या मागे लपवून खाऊ उचलल्यासारखं करायचं आणि उचलायचाच नाही. कॅपुचिन माकडं आपल्यासारखी अंगठ्याने वस्तू पकडू शकतात, ती बहुतेक वेळा फसली. खारमाकडांचा अंगठाही थोडाफार तसा वळतो, तीही फसली. मार्मोसेट माकडांचा अंगठा बोटांसमोर येत नाही. ती क्वचितच फसली, सरळ खाऊ असलेला हात दाखवून मोकळी! मग शास्त्रज्ञांनी युक्ती बदलली आणि पूर्ण मुठीने वस्तू धरल्यासारखं केलं. अशी पकड तिन्ही जातींना जमते. आता तिन्ही जाती फसल्या. जे काम स्वतःच्या हाताला येतं, त्याचाच अंदाज मन बांधतं असं दिसतं. तुमच्या घरच्या मांजरापुढे खाऊ लपवून बघ, आणि काय झालं ते मला लिही. मात्र शेवटी खाऊ तिला नक्की दे.

एकदा युक्ती कळली की पुन्हा फसायचं नाही, बरोबर ना?
— दुकानदार

लक्ष वळवण्यावर उभी असलेली युक्ती कळली, की बहुधा पुन्हा फसत नाही. पण काही भ्रम माहितीला दाद देत नाहीत. टेबल टेनिसचा चेंडू मधोमध कापा (लहान मुलांनी मोठ्यांकडून कापून घ्या). अर्धी वाटी बोटाच्या टोकावर टोपीसारखी बसवा आणि बरोबर वरून एका डोळ्याने बघा. पूर्ण चेंडू बोटावर ठेवल्यासारखं दिसेल, आणि बोट आखूड झाल्यासारखं वाटेल. ‘वाटेल’ म्हणजे खरोखर तसं जाणवेल! वेबियॉर्न एक्रॉल आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये हे दाखवलं. न दिसणारी मागची बाजू मन स्वतःच भरून टाकतं, आणि त्या काल्पनिक अर्ध्या चेंडूला जागा करून द्यायला खऱ्या बोटाची लांबी कमी करतं. चेंडू तुम्ही स्वतःच्या हाताने कापलेला असतो, आत काही नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक असतं, तरी फरक पडत नाही. ज्ञान मनाच्या एका खोलीत राहतं आणि पाहणं दुसऱ्या, मधलं दार सगळ्या बाबतींत उघडत नाही.

नवरा गाडी चालवताना इअरफोन लावून बोलतो. म्हणतो, हात मोकळे आहेत, डोळे रस्त्यावर आहेत, मग धोका कसला?
— काळजीत असलेली पत्नी

वरची उत्तरं त्यांना वाचायला द्या, विशेषतः सिगारेटचं. डेव्हिड स्ट्रेयर आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये वाहन चालवण्याच्या आभासी यंत्रावर लोकांना बसवून हात मोकळे ठेवून फोनवर बोलायला लावलं आणि त्यांच्या नजरेची नोंद केली. रस्त्याकडेच्या ज्या फलकांवर त्यांची नजर प्रत्यक्ष पडली होती, तेसुद्धा नंतर त्यांना नीट ओळखता आले नाहीत. पुढची गाडी अचानक मंदावली तर त्यांचा पाय ब्रेकवर उशिरा पडत होता. अडचण हातांची नाही. संभाषण लक्ष ओढून नेतं, आणि डोळे रस्त्यावर असूनही रस्ता दिसत नाही.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं त्या मानाने बरं, कारण त्यालाही पुढचा ट्रक दिसतो आणि तो बोलता बोलता थांबतो. फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. नवऱ्याला फोन करणाऱ्यांत तुम्हीही असालच, तेव्हा सुरुवात तुमच्यापासून करा. तो गाडीत आहे असं कळलं, की “पोचल्यावर कर” एवढं म्हणून लगेच फोन ठेवा.